अर्ध्या मिशीचा मागूर

कुणी नवीन घड्याळ दाखवलं तर आपण ते छान आहे म्हणतो आणि मोकळे होतो. काटेसाहेब ते किती सेकंद पुढे आहे हे सांगतात. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली की माणूस असा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मुळातच असे होते म्हणून त्या खात्यात खपले, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं होतं. काटेसाहेब हे नाव त्यांना दुकानदारांनी दिलेलं. तपासणीला गेले की ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघतच नसत, तराजूच्या काट्याकडे बघत, आणि तो शून्यावर स्थिर होईपर्यंत ‘बसा’ म्हटलं तरी बसत नसत. निवृत्तीनंतर तराजू गेले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पत्नीला सगळी वसाहत काकू म्हणत असे, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

वसाहतीच्या मागे नदी होती आणि नदीत उतरायला अठरा दगडी पायऱ्या होत्या. साहेबांच्या हिशेबाने साडेसतरा, कारण शेवटची निम्मी खचली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून काकू रोज संध्याकाळी चौदाव्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडत. बोटाएवढे चंदेरी मासे गोळा होत आणि पायांना गुदगुल्या करत. अर्ध्या तासाने काकू वर येत तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान असे, त्यावर घरातली पुढची सगळी संध्याकाळ चाले. हे साहेबांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवणं हा त्यांचा विषयच नव्हता.

मग दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कुणाचं तरी मत्स्यतळं फुटलं आणि नदीत मागूर आले. मागूर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर अंगाने काळा, गुळगुळीत, तोंडाला चार जोड्या मिशा आणि स्वभावाने अखंड भुकेला. दिसेल ते खायचं आणि न दिसेल ते मिशांनी चाचपून खायचं, एवढंच त्याचं शास्त्र. वर्षभरात चंदेरी मासे दिसेनासे झाले. त्यानंतर एका संध्याकाळी हातभर लांबीच्या एका मागुराने काकूंचा अंगठाच तोंडात धरून बघितला. काकू ओरडल्या नाहीत. शांतपणे वर आल्या, पाय पुसले आणि म्हणाल्या, “आता मला नाही बाई पाण्यात पाय सोडवत.”

त्या दिवसापासून त्या संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसू लागल्या. तक्रार अशी काहीच नव्हती, आणि साहेबांना नेमकं तेच सोसेना. त्यांनी ठरवलं, नदीतून मागूर काढायचे. वसाहतीला मात्र त्यांनी ‘जलसंपत्तीचं संरक्षण’ असं कारण सांगितलं.

वसाहतीच्या सभेला लोक एरवी येत नाहीत. मासे म्हटल्यावर खुर्च्या कमी पडल्या. चौथ्या घरातले बँकेचे निवृत्त मॅनेजर म्हणाले की असल्या भानगडीत पडू नये, निसर्ग आपलं आपण बघून घेतो. शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर म्हणाले की वेताची निमुळत्या तोंडाची टोपली पाण्यात ठेवावी, मासा आत जातो आणि बाहेर यायची वाट विसरतो. काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे साहेबांचा मेहुणा, जवळच्याच इमारतीत राहत असे आणि सभांना हक्काने येत असे. त्याने गळाशिवाय इलाज नाही असं जाहीर केलं. आपण तरुणपणी फार मासे पकडले आहेत, असंही तो म्हणाला. काकूंनी त्याचं तरुणपण जवळून पाहिलं होतं, पण माहेरचा माणूस म्हणून त्या गप्प बसल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत जाळ्याला पडलं. दोन तास झाले तरी कुणी मागे हटेना. मेहुणा आणि मास्तर तर एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोहोचले.

शेवटी साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “वाद कशाला? मोजू.”

नदीकाठाचे त्यांनी साखळीने मोजून चार भाग केले, प्रत्येकी नव्वद मीटर. एकात डॉक्टरीणबाईंचं जाळं, दुसऱ्यात मेहुण्याचा गळ, तिसऱ्यात मास्तरांच्या टोपल्या. तिन्ही ठिकाणी रोज सकाळी साडेसहा ते साडेआठ काम चालायचं, आणि मग कोणत्या पद्धतीने किती मासे निघाले हे कोष्टकात आपोआप दिसणार होतं. चौथ्या भागात काहीही करायचं नव्हतं. तुलनेसाठी असा एक भाग लागतो, असं साहेबांनी समजावलं. तिथे लक्ष ठेवायची जबाबदारी मॅनेजरांनी तत्काळ मागून घेतली. काहीही न करण्याचं काम इतक्या उत्साहाने अंगावर घेणारा माणूस साहेबांनी खात्यातसुद्धा पाहिला नव्हता.

आता परवानगी. मत्स्य कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं की मासे आमचे खरे, पण ते ज्या पाण्यात आहेत ते पाणी पाणी खात्याचं. पाणी खात्याने सांगितलं की पाणी आमचं आहेच, पण त्यातून काही बाहेर काढलं की ते आमचं राहत नाही. अर्जात ‘नौकेचा क्रमांक’ असा एक रकाना होता. साहेबांनी तिथे ‘लागू नाही’ असं लिहिलं म्हणून अर्ज परत आला. त्यांनी ‘नौका नाही’ असं लिहिल्यावर, नौका नसताना नदीत मासे कसे पकडणार याचा खुलासा मागवण्यात आला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागवलेल्या माणसाला हे जरा लागलंच. अखेर सहाव्या खेपेस परवानगी मिळाली, तिला खाली बारीक अक्षरात एक अट होती. पकडलेला प्रत्येक मासा कार्यालयाची तपासणी होईपर्यंत जसाच्या तसा ठेवावा.

जसाच्या तसा म्हणजे जिवंत, असा साहेबांनी अर्थ लावला, आणि तो बरोबरच होता. वसाहतीच्या बागेत काठाला लागून पाण्याचा एक जुना मोठा हौद वापराविना पडला होता. तो धुऊन घेतला. पाणी किती ठेवायचं यासाठी साहेबांनी आतून लाल रंगाची रेघ मारली आणि पाणी बरोबर त्या रेघेवर राहावं म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवला. ही लाल रेघ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. साहेबांना ती तेव्हा फार आवडली होती.

पहिल्या दिवशी जाळ्यात अकरा मागूर आले, शिवाय दोन वेगवेगळ्या पायांच्या चपला आणि खुर्चीचा एक पाय. टोपल्यांत आठ आले. मेहुण्याच्या गळाला पहिल्या तासात त्याची स्वतःची विजार लागली, दुसऱ्या तासात डॉक्टरीणबाईंचं जाळं, आणि साडेआठला दोन मिनिटं कमी असताना एक मागूर लागला. त्या एका मागुराची हकिगत वसाहतीने पुढे आठवडाभर ऐकली.

खरी गंमत मोजणीची होती. साहेबांचा नियम असा की प्रत्येक मासा हौदात टाकण्याआधी त्याचं वजन ग्रॅममध्ये आणि लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची. मागुराला हे मान्य नव्हतं. कल्ल्याशेजारी त्याला टोकदार काटा असतो, तो त्याने साहेबांच्या हाताला तीनदा दाखवला. एकाने शेपटीचा फटका असा मारला की चष्मा नदीत गेला आणि दुसऱ्या सकाळी मास्तरांच्या टोपलीत सापडला. हे सगळं बघायला काठावर गर्दी जमे. तिच्यात कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारही असे. बारा वर्षांपूर्वी साहेबांनी त्याचा तराजू जप्त केला होता. साहेब तळमळणाऱ्या मागुराला पारड्यात दाबून धरत असताना तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “साहेब, आधी काटा शून्यावर आणा.” काटा खरोखरच शून्यावर नव्हता. साहेबांनी तो आणला, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

नोंदवही लिहायचं काम काकूंकडे होतं, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि साहेबांचं स्वतःलाच न लागणारं. चौथ्या दिवशी टोपलीतून एक मागूर निघाला. त्याच्या डाव्या बाजूची एक मिशी मधोमध तुटलेली होती. काकू लिहिता लिहिता थांबल्या.

“अहो, हा परवा जाळ्यात आला होता.”

“परवाचा हौदात आहे,” साहेब म्हणाले. “मागुरांच्या मिशा तुटतातच. तुम्ही आकडे लिहा.”

काकूंनी आकडे लिहिले आणि समासात बारीक अक्षरात ‘अर्धी मिशी’ असंही लिहिलं. समासात लिहू नये, असं साहेबांनी सांगून पाहिलं. काकू हो म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. शेपटीला खाच, डोळ्यावर पांढरा ठिपका, पाठीवर ओरखडा, असं काहीबाही रोज समासात जमा होऊ लागलं.

तीन आठवडे झाले आणि आकडे बघून साहेबांची छाती फुगली. जाळं एकशे साठ, टोपल्या एकशे पंचावन्न, गळ सत्त्याण्णव, एकूण चारशे बारा मागूर. मत्स्य कार्यालयातून निरोप आला की अधिकारी स्वतः तपासणीला येतील, आणि या अहवालावरून नदीकाठच्या आणखी अकरा वसाहतींनी कोणती पद्धत वापरायची ते ठरेल. साहेबांनी कोट इस्त्रीला टाकला. तक्रार होती ती फक्त मॅनेजरांची. चौथ्या भागात खुर्ची टाकून बसलेला हा माणूस रोज येऊन एकच सांगे, की माझ्याकडे मागूर वाढतायत. तो न केलेल्या कामाचंही श्रेय मागतोय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हौदात चारशे मासे असून साधी खळबळ कशी नाही, असंही मॅनेजरांनी एकदा विचारलं. मागूर तळाशी राहतो, असं साहेबांनी पुस्तकातून दाखवलं. हौदातलं पाणी हिरवंगार झालं होतं, तळ दिसत नव्हता, आणि नोंदवही असताना तळ बघण्याची गरज साहेबांना वाटली नाही. वर काय छापलंय ते वाचू नका, आत काय आहे ते मोजा, असं एकतीस वर्षं दुकानदारांना सांगणारा हाच तो माणूस.

तपासणीच्या आदल्या दिवशी पहाटेपासून भुरभुर चालू होती. नेहमीप्रमाणे आधी उठून काकू बागेत जाऊन आल्या आणि त्यांनी साहेबांना हलवलं. “अहो, उठा. तुमचे मासे घरी चाललेत.”

एका छत्रीत दोघं हौदापाशी उभे राहिले. साहेबांची ती लाल रेघ बरोबर हौदाच्या वरच्या भोकाला लागून होती. ज्या भोकातून जास्तीचं पाणी बाहेर जावं, तिथपर्यंत पाणी रोज अगदी मापात भरलेलं असे, त्यामुळे मागुरांना चढण अशी उरलीच नव्हती. भोकातून एक काळं डोकं बाहेर आलं, इकडे तिकडे बघितलं, आणि सगळा मासा पुढच्या दोन काट्यांवर कोपरं टेकल्यासारखा रेटत, वळवळत नालीत उतरला. मागून दुसरा, मग तिसरा. ओल्या नालीतून ती वरात सावकाश चालली होती आणि नाली जिथे नदीला मिळत होती, तो मॅनेजरांचा चौथा भाग होता. सगळ्यांत पुढे अर्ध्या मिशीचा होता. वाट पाठ असल्यासारखा तो एकदाही अडखळला नाही.

साहेबांनी त्यांना अडवलं नाही, त्यांच्याने ते झालंच नाही. ते फक्त मोजत होते. सव्वीसपर्यंत मोजलं आणि खाली बसले. काकूंनी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.

भोकाला फळी ठोकून झाली आणि हौद उपसला. आत एकतीस मागूर होते. चारशे बारातले एकतीस. मग दिवसभर दोघंजण जेवणाच्या टेबलावर नोंदवही पसरून बसले. साहेब लांबी वाचत, काकू समास वाचत. तीनशे बेचाळीस मिलिमीटर, शेपटीला खाच, जाळं. तीनशे बेचाळीस मिलिमीटर, शेपटीला खाच, टोपली. तीनशे बेचाळीस, खाच, पुन्हा टोपली. संध्याकाळपर्यंत चारशे बारा नोंदींचे मासे झाले सत्तावन्न. अर्ध्या मिशीचा एकटा एकोणीस वेळा पकडला गेला होता. अकरा वेळा टोपलीत, सहा वेळा जाळ्यात आणि दोनदा गळाला. लांबी तीच, वजन मात्र दर खेपेला वाढलेलं, कारण टोपलीतलं आणि गळाचं आमिष तो प्रामाणिकपणे खात असे. तीन आठवडे त्याने वसाहतीचा पाहुणचार घेतला होता.

काकू हळूच म्हणाल्या, “समासात लिहू नये म्हणतात ते खरं आहे.” साहेबांना त्याही अवस्थेत हसू आलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सगळे साहेबांच्या घरी जमले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लोक हसतील. मास्तर म्हणाले की टोपलीची बदनामी होईल. मेहुणा साहेबांच्या शेजारी येऊन बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “भाऊजी, आकडा खोटा कुठे आहे? चारशे बारा वेळा मासा निघाला, तो निघालाच ना? अधिकाऱ्याला बाकीचं कशाला सांगायचं?”

 हे वाक्य साहेबांनी कितीतरी दुकानांच्या फळीवर ऐकलं होतं. वजन खोटं नाही साहेब, फक्त पारड्याखाली थोडं मेण लागलंय. काटा बरोबर आहे साहेब, फक्त दगड जुना आहे. ‘फक्त’ आलं की साहेब पावती फाडत. आता ते ‘फक्त’ त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्याच खुर्चीत येऊन बसलं होतं. त्यांना लाज वाटली. जास्त लाज याची वाटली की क्षणभर त्यांना मेहुण्याचं म्हणणं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. तरुण बाई होत्या, पायात गमबूट आणि हातात फाइल. बागेत सगळी वसाहत उभी होती आणि कुंपणापलीकडे किराणा दुकानदारही. साहेबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, “नोंदी चारशे बारा आहेत. मासे सत्तावन्न आहेत. त्यांतले आज माझ्याकडे एकतीस आहेत. चूक माझी आहे, ती मी दाखवतो.” आणि त्यांनी लाल रेघ दाखवली, भोक दाखवलं, नाली दाखवली, नोंदवहीचा समाससुद्धा दाखवला.

कुणी हसलं नाही. अधिकारीबाई हौदाभोवती एक फेरी मारून आल्या आणि गमबूट नालीत टेकवून उभ्या राहिल्या. त्यांनी फाइल उघडली. वरच्या अंगाच्या पाच वसाहतींनी आपापले आकडे पाठवले होते, एकीने तर दोन हजारांच्या वर. मासे काढून काढून लोक दमले होते आणि नदीत मात्र कमी होत नव्हते. असं का, हे कार्यालयात वर्षभर कुणालाच कळत नव्हतं.

“जसाच्या तसा ठेवायचा, ही अट आमचीच,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनीच कुठे ना कुठे ठेवले असणार, आणि ते असेच नदीत परतले असणार. सांगितलं मात्र तुम्ही एकट्याने.”

अट त्याच महिन्यात बदलली. आता ठरलेल्या दिवशी कार्यालयाची टाकीची गाडी येते आणि निघालेले मागूर लगेच लांबच्या बंद भिंतीच्या तळ्यावर जातात. पद्धत टोपलीचीच ठरली, कारण वेताच्या फटींतून लहान मासे सुटून जातात आणि मागूर राहतो. मास्तर आठवडाभर जमिनीवर नव्हते. मेहुण्याने गळ माळ्यावर टाकला. आणि मॅनेजर भेटेल त्याला सांगतात की तुलनेत खरी माहिती चौथ्या भागातूनच मिळाली, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. पहिल्या गाडीत अर्ध्या मिशीचाही गेला. विसाव्या वेळेला तो टोपलीतच सापडला. काकूंनी समासात तशी नोंद केली, आणि साहेबांनी शाई वाळेपर्यंत वही धरून ठेवली.

या सगळ्यात साहेबांना खरं समाधान दिलं ते मात्र दुकानदाराने. तपासणीच्या दिवशी बाकीचे पांगल्यावर तो कुंपणापाशी थांबला होता. इकडे तिकडे बघून तो म्हणाला, “साहेब, माझा काटा तेव्हा खरंच चुकीचा होता.” एवढं बोलून तो दुकानाकडे गेला. त्या दिवशी साहेब दोन घास जास्त जेवले.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी काकू गॅलरीतल्या खुर्चीतून उठल्या, खाली गेल्या आणि चौदाव्या पायरीवर बसल्या. साहेब मागोमाग गेले आणि एक पायरी वर, कोट सांभाळून बसले. काकूंनी पाण्यात पाय सोडले. पाणी स्वच्छ होतं. बराच वेळ काहीच झालं नाही, तरी काकू उठल्या नाहीत. मग बोटाएवढं काहीतरी चमकलं, त्यांच्या टाचेपाशी आलं, टोचून गेलं. काकूंचं अंग शहारलं आणि तोंडावर ते जुनं समाधान आलं.

“एक,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. थोड्या वेळाने पुन्हा चमकलं. “दोन.”

“तोच परत आला नसेल कशावरून?” काकू म्हणाल्या.

साहेबांनी यावर विचार केला. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक पायरी खाली सरकून काकूंच्या शेजारी पाय पाण्यात सोडले.